ट्रॉलीच्या आंसाचे ब्रेक : बदली हब व ड्रम कसे निवडावे

पीक काढणें आणि काढलेलें पीक बाजारपेठेपर्यंत नेणें अशीं शेतीच्या धंद्याचीं दोन अंगें आहेत. पहिल्या अंगाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. दुसऱ्याविषयीं त्या मानानें फार थोडें. ऊस फडांतून निघून कारखान्याच्या काट्यावर पोंचेपर्यंत, किंवा धान्य खळ्यांतून आडतीवर जाईपर्यंत, आपली सारी भिस्त ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर असते. ट्रॅक्टरचें तेल, गाळणी, पट्टा इत्यादींची निगा बहुतेक बागाइतदार वेळच्या वेळीं ठेवतात. परंतु ट्रॉलीच्या चाकामागें काय आहे, हें चाक डगमगूं लागेपर्यंत अगर उतारावर ट्रॉली आवरेनाशी होईपर्यंत कोणी पाहत नाहीं. ह्या लेखांत त्या चाकामागील दोन भागांचा, म्हणजे हब व ब्रेकचा ड्रम यांचा, विचार करण्याचें योजिलें आहे. ते झिजले अगर तडकले असतां त्यांच्या जागीं कोणते घ्यावे, हा मुख्य प्रश्न होय. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, डोळ्यांस सारखा दिसणारा भाग सारखा असतोच असें नाहीं. यासाठीं मापें घ्यावींत, तीं कागदावर लिहावींत, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

ट्रॉलीस ब्रेक कशासाठीं.— ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, मग ट्रॉलीस वेगळे कशास हवेत, असें पुष्कळांस वाटतें. बैलगाडीच्या काळीं उतारावर बैल स्वतःच जूं रेटून गाडी धरीत. पण त्या वेळीं बैलांच्या मानानें ओझें बेताचें असे. आजचा मध्यम शक्तीचा ट्रॅक्टर वजनानें सुमारें २ टन भरतो आणि त्याच्यामागें भरलेली ट्रॉली ८ टनांची किंवा त्याहूनही अधिक असते. अशा वेळीं ट्रॅक्टरनें एकट्यानें ब्रेक लावला, तर मागचें चौपट ओझें त्यास पुढें ढकलीत राहतें. रस्ता सरळ व कोरडा असला तर थोडक्यांत निभावतें. पण वळण असलें, अगर पावसानें वाट निसरडी झाली असली, तर ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूस फेंकला जाऊन ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्याप्रमाणें एकमेकांवर मिटतात. त्यांत चालकाचा जीव जातो, आणि पुष्कळदां समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचाही.

यासंबंधीं दोन हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला वेगाचा. वेग दुप्पट झाला कीं थोपविण्याची शक्ति दुप्पट नव्हे, तर चौपट लागते. तासी २० किलोमीटरच्या ऐवजीं ३० किलोमीटर वेगानें हांकणारा मनुष्य ब्रेकांवर दीडपट नव्हे, सव्वादोनपट भार टाकतो. दुसरा हिशेब उष्णतेचा. ८ टनांची भरलेली ट्रॉली उभ्या मापानें १०० मीटर उतरली, तर सुमारें ७,८५० किलोज्यूल शक्ति जिरवावी लागते. ही सारी प्रत्येकीं २५ किलो वजनाच्या दोन बिडाच्या ड्रमांतच राहिली असें धरलें, तर ते सुमारें ३४० अंश सेल्सिअसनें तापतील. प्रत्यक्षांत खालचा गिअर ठेवल्यानें इंजिन बराच भाग सोसतें व कांहीं उष्णता वाऱ्यानें जाते. म्हणून इतकी पाळी बहुधा येत नाहीं. तथापि ड्रम हा केवळ झांकणासारखा डबा नसून उष्णता सांठविण्याचें भांडें आहे, हें ह्यावरून स्पष्ट होतें. तें भांडें पातळ झालें कीं लौकर तापतें. ४०० मि.मी. व्यासाचा ड्रम ३०० अंशांनीं तापला तर त्याचा व्यास सुमारें सव्वा मि.मी.नें फुगतो, लायनर त्यापासून दूर राहतो, आणि चालकास ब्रेक "खालीं गेला" असें वाटतें. शिवाय फार तापलेला लायनर आपली पकडही सोडूं लागतो.

भागांची ओळख.— लांकडी चाकाच्या मध्यभागीं जो तुंबा असे, त्याचेंच काम आज हब करतो. आंसाच्या टोंकावर दोन निमुळतीं रोलर बेअरिंगें बसतात, आंतलें मोठें व बाहेरचें लहान. त्यांवर हब फिरतो, आणि हबच्या स्टडांवर चाकाची रिम नटांनीं आवळली जाते. ड्रम हबबरोबर फिरतो. त्याच्या पोटांत दोन ब्रेकशू असतात. ते मात्र आंसाला जखडलेले असून फिरत नाहींत. दांडी, तेलाचा दाब अगर हवेचा दाब यांपैकीं कोणत्याही मार्गानें शू फांकले कीं त्यांवरील लायनर ड्रमला आंतून घासतो व चाक थांबतें.

ड्रम बसविण्याच्या तीन तऱ्हा आढळतात. पहिलींत ड्रम हबच्या बाहेरून स्टडांवर सरकतो व चाक काढल्याबरोबर सुटा होतो. दुसरींत तो हबच्या पाठीमागें बोल्टांनीं जोडलेला असतो व तो काढण्यास सबंध हब उतरवावा लागतो. तिसरींत हब व ड्रम एकाच ओतकामाचे असतात. नवा भाग मागतांना आपली तऱ्हा कोणती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. तिसऱ्या तऱ्हेंत ड्रम गेला म्हणजे हबही गेला असें समजावें.

झीज कशी ओळखावी.— चाक जॅकवर उचलून, खालीं भक्कम ठोकळा देऊन, दोन्ही हातांनीं वरखालीं हलवून पाहावें. खडखड जाणवल्यास बेअरिंग सैल अथवा खराब आहे. चाक फिरवितांना घरघर ऐकूं आली तर बेअरिंगाच्या रोलरांवर खड्डे पडले असावेत. नंतर ड्रम काढून उजेडांत धरावा. आंतल्या पृष्ठभागावर नखास लागतील अशा खोल रेघा, निळसर डाग, किंवा कडेस उभी राहिलेली धार, हीं झिजेचीं व अति तापण्याचीं चिन्हें होत. वरवरच्या बारीक रेषांची जाळी एक वेळ चालेल. पण जी चीर कडेपर्यंत अथवा आरपार गेली असेल, तो ड्रम त्याच दिवशीं मोडींत घालावा. बिडाचा ड्रम वेल्डिंगनें सांधून घेऊं नये. सांधा थंड होतांना त्याच्या शेजारचें बीड ठिसूळ बनतें, आणि नेमकें भर उतारावर तें फुटतें.

ड्रमाचा आंतला व्यास दोन ठिकाणीं, एकमेकांशीं काटकोन करून, मोजावा. दोन मापांत फरक आढळला तर ड्रम वाटोळा राहिलेला नाहीं. थोडी झीज लेथवर कातून काढतां येते, परंतु त्यास मर्यादा आहे. ती मर्यादा पुष्कळ ड्रमांवर कमाल व्यास म्हणून ओतलेली असते. मोठ्या ट्रकांच्या ड्रमांत ती मूळ व्यासाहून साधारण ३ मि.मी. जास्त असते, लहानांत त्याहून कमी. कातल्यानंतर तेवढें माप भरत असेल तर कातण्यांत अर्थ नाहीं, कारण पुढच्या झिजेस जागाच उरत नाहीं. कातणावळ वांचविण्याकरितां पातळ ड्रम वापरणें म्हणजे वर सांगितलेलें उष्णतेचें भांडें आपल्या हातानें लहान करणें होय.

मूळ आंस कोणाचा.— कारखान्यांत बनलेल्या ट्रॉलीच्या आंसावर बहुधा एक पट्टी असते अगर ठसा मारलेला असतो; त्यावर बनविणाराचें नांव, आंसाची वजन पेलण्याची मर्यादा व ब्रेकचें माप असतें. उदाहरणार्थ, ३००×६० असा आंकडा असल्यास ड्रमाचा आंतील व्यास ३०० मि.मी. व शूची रुंदी ६० मि.मी. असें समजावें. अशी पट्टी असल्यास काम सोपें आहे. ती घांसून पुसून वाचावी आणि जशीची तशी उतरून घ्यावी. परंतु आपल्याकडील कित्येक ट्रॉल्या गांवच्या वर्कशॉपांत तयार झालेल्या असून त्यांस जुन्या ट्रकांचे आंस लावलेले असतात. त्यांतही उजवीकडे एक व डावीकडे दुसरा हब, हा प्रकार विरळा नाहीं. अशा वेळीं "ट्रॉलीचा ड्रम द्या" असें दुकानदारास सांगणें म्हणजे गटनंबर न सांगतां सातबाऱ्याचा उतारा मागण्यासारखें आहे. पुढील चार प्रकारचीं मापें घेतल्याखेरीज गत्यंतर नाहीं.

(१) बेअरिंगें व आंसाचें टोंक.— बेअरिंगाच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. तो दोन्ही बेअरिंगांचा, आंतला व बाहेरचा, वेगवेगळा लिहावा. मेट्रिक मालिकेंत शेवटच्या दोन आंकड्यांस ५ नें गुणिलें कीं आंतील भोकाचा व्यास निघतो. मात्र ते आंकडे ०४ अगर त्याहून मोठे असले पाहिजेत. ३०२१० ह्या बेअरिंगाचें भोक ५० मि.मी., तर ३०२१२ चें ६० मि.मी. येथें एक फसगत सांगून ठेवणें अवश्य आहे. ३०२१० व ३२२१० ह्या दोहोंचें भोक ५० मि.मी. व बाहेरचा व्यास ९० मि.मी. असाच आहे, पण पहिल्याची एकूण जाडी २१.७५ मि.मी. व दुसऱ्याची २४.७५ मि.मी. आहे. एकाच्या जागीं दुसरें बसतें खरें, पण हब ३ मि.मी. इकडेतिकडे सरकतो, मग ड्रम मागच्या पत्र्यास घासतो, किंवा टोंकाच्या नटाचे आंटे पुरत नाहींत. म्हणून व्यास जुळला एवढ्यावर समाधान मानूं नये. इंची मालिकेच्या बेअरिंगांस वरील गुणाकार लागत नाहीं. त्यांचा नंबर अक्षरशः उतरून घ्यावा. ऑईल सीलवरील तिन्ही आंकडे, म्हणजे आंतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी, हेही लिहावेत.

याच वेळीं आंसाचें टोंक बोटानें चाचपावें. बेअरिंगाचें कडें आंसावर फिरून तेथें खांच पडली असेल, तर नवा हब घेऊन उपयोग नाहीं. तो थोड्याच दिवसांत सैल होईल. त्या जागीं पंचानें टोंचे मारून कडें घट्ट करणें, किंवा वेल्डिंगचा भराव देणें, हे वर्कशॉपांत चालणारे उपाय भरल्या ट्रॉलीस धोक्याचे आहेत. आंसाचें टोंक, अगर जरूर पडल्यास सबंध आंसच, बदलावा.

(२) स्टडांचें वर्तुळ.— स्टड किती आहेत तें मोजावें व ते ज्या वर्तुळावर बसले आहेत त्याचा व्यास काढावा. ६, ८ किंवा १० स्टड असल्यास समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर हाच तो व्यास. मध्यें हबचें टोपण आड येत असेल, तर शेजारच्या दोन स्टडांतील अंतर मोजून त्यास पुढील आंकड्यानें गुणावें : ५ स्टडांस १.७०, ६ स्टडांस २, ८ स्टडांस २.६१, १० स्टडांस ३.२४. एका स्टडाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलें म्हणजे मध्य शोधण्याची खटपट वांचते. समजा, ८ स्टड असून हें अंतर १०५ मि.मी. भरलें, तर १०५ × २.६१ = २७४, म्हणजे हें २७५ मि.मी. वर्तुळाचें हब आहे असें ठरतें.

स्टडाची जाडी व आंटे हेही पाहावेत. नट हातानें शेवटपर्यंत सुखानें फिरला पाहिजे. पान्यानें जोर करून बसविलेला नट आंटे खातो. नटाची बैठक गोलाकार, निमुळती कीं सपाट, ह्यावर रिमेचीं भोकें कशीं असावींत हें अवलंबून असतें. निमुळत्या भोकांत सपाट नट बसविल्यास तो आवळल्यासारखा वाटतो व चालत्या गाडींत सुटतो. कित्येक जुन्या ट्रकांच्या आंसांवर डाव्या बाजूच्या चाकांचे आंटे उलटे असतात. नवा हब घेतांना ही गोष्ट विसरूं नये. रिम हबच्या ज्या उंचवट्यावर बसते त्याचा व्यासही लिहावा.

(३) ड्रम व शू.— ड्रमाचा आंतला व्यास, घासणाऱ्या पट्ट्याची रुंदी, ड्रमाची खोली, मधल्या भोकाचा व्यास व बोल्टांचीं भोकें, इतकीं मापें लागतात. ड्रमाचा व्यास शूच्या गोलाईशीं जुळला पाहिजे. ड्रम मोठा व शू लहान गोलाईचा असल्यास लायनर फक्त मध्यें टेकतो. उलट असल्यास दोन्ही टोंकें अडकून ब्रेक एकदम धरतो. लायनर ड्रमाच्या पट्ट्याबाहेर जातां कामा नये. नवा ड्रम घेतांना जुना शू दुकानांत बरोबर न्यावा व आंत ठेवून पाहावा. हा सर्वांत सोपा व खात्रीचा पडताळा आहे.

(४) चाक व वजन.— ब्रेकची पकड ड्रमाच्या त्रिज्येवर, आणि तिचा जमिनीवरील परिणाम टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. टायरची त्रिज्या ४०० मि.मी. असतांना जो ब्रेक पुरेसा होता, तोच ५०० मि.मी. त्रिज्येचा टायर चढविल्यावर एक-पंचमांशानें दुबळा होतो. म्हणून हब बदलण्याच्या निमित्तानें मोठें चाक घालावयाचें असेल, तर ब्रेकही त्या मानाचा पाहिजे. रिम पूर्वीपेक्षां बाहेर येत असल्यास आंस व बेअरिंगें यांवर ताण वाढतो, हेंही लक्षांत घ्यावें. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणें ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते. नोंदणीपत्रावरील एकूण वजनास पुरेल असाच हब निवडावा. आपण प्रत्यक्षांत त्याहून अधिक भरतों म्हणून मोठा हब घालूं, असें म्हणणाऱ्यास आम्ही एवढेंच विचारतों कीं, आंस, टायर व जोडखीळ हींही मोठीं झालीं आहेत काय?

जोडीनें बदलावें.— एका बाजूचा ड्रम गेला तर दुसऱ्या बाजूचा निदान मोजून पाहावा, व दोन्ही बाजूंचे व्यास सारखे ठेवावेत. लायनर तर नेहमी दोन्ही बाजूंस एकाच वेळीं व एकाच जातीचे घालावेत. एका चाकानें आधीं धरलें व दुसऱ्यानें मागून, तर ट्रॉली त्या बाजूस ओढ घेते; उसाच्या उंच भरावास एवढें निमित्त कलंडण्यास पुरेसें होतें.

जुन्या बाजारांतील माल.— सर्वांस नवा भाग परवडतो असें नाहीं, आणि जुना भाग वाईटच असतो असेंही नाहीं. परंतु जुना ड्रम घेतांना तो दोरीस अगर बोटावर टांगून हलक्या हातोडीनें वाजवावा. धड बिडाचा आवाज घंटेसारखा खणखणीत येतो. तडा असल्यास तो बद्द येतो. आंतला व्यास मोजून, अजून किती झीज बाकी आहे तें पाहावें. हबचीं बेअरिंगें बसण्याचीं घरें घट्ट असावींत. नवें कडें हातानेंच सरकत असेल तर तो हब परत करावा. बिनब्रेकच्या आंसास ड्रम चढविण्यासाठीं आंसावरच पट्टा वेल्ड करण्याची सूचना कोणी केली, तर ती मान्य करूं नये. त्या आंचेनें पोलादाचा गुण पालटतो व आंस त्याच जागीं मोडण्याचा संभव असतो. अशा ट्रॉलीस ब्रेकसहित तयार आंस घेणें हेंच शेवटीं स्वस्त पडतें.

बसवितांना.— नव्या ड्रमास गंजूं नये म्हणून तेल लावलेलें असतें. तें साबणाच्या पाण्यानें धुऊन व कोरडें पुसून काढावें. जुन्या लायनरांच्या भुकटींत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ती हवेच्या पंपानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. हब उतरविला कीं सील नवेंच घालावें, कारण गळलेलें ग्रीस लायनरावर गेलें तर चांगला ब्रेकही निकामी होतो. बेअरिंगांच्या रोलरांमध्यें ग्रीस नीट दाबून भरावें. सबंध हब ग्रीसनें ठासूं नये. टोंकाचा नट, चाक फिरवीत फिरवीत, आवळावा. नंतर साधारण फेऱ्याचा सहावा भाग मागें घेऊन नवी स्प्लिट पिन घालावी. चाक मोकळें फिरावें, पण डुगडुगूं नये. रिमेचे नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावेत, व ५० किलोमीटर चालल्यावर ते पुन्हां तपासावेत. पहिल्या खेपेंत थोडें अंतर गेल्यावर थांबून हब हातानें चाचपावा. हात ठेववत नाहीं इतका एकच हब तापला असेल, तर बेअरिंग फार आवळलें गेलें आहे किंवा शू घासत आहे. नवे लायनर बसेपर्यंत रिकाम्या ट्रॉलीनें सौम्य ब्रेक वारंवार लावावेत; पहिल्याच दिवशीं घाट उतरूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें, ब्रेकची दांडी अगर नळी ट्रॅक्टरास जोडलेली आहे ना, हें पाहावें. नवे ड्रम घातलेली, पण जोडणी दोरीनें वर बांधून ठेवलेली ट्रॉली ही बिनब्रेकचीच समजावी.

ट्रॉलीचा उतारा.— शेवटीं एक सूचना. जमिनीचें क्षेत्र, आकार व भोगवटादार जसे आपण कागदावर पाहतों, तसा प्रत्येक ट्रॉलीचा एक कागद करून ठेवावा. त्यांत आंसावरील पट्टीचा मजकूर, दोन्ही बेअरिंगांचे व सीलचे नंबर, स्टडांची संख्या व वर्तुळ, ड्रमाचा मूळ व कमाल व्यास, शूची रुंदी, आणि भाग बदलल्याच्या तारखा, हीं डाव्या व उजव्या बाजूस वेगळालीं लिहावींत. हें काम पावसाळ्यांत, ट्रॉली रिकामी उभी असतां, अर्ध्या दिवसांत होतें. हंगाम सुरू झाल्यावर फडांत तोडलेला ऊस वाळत असतां व दुकानांत गर्दी असतां कोणासही धड मापें घेतां येत नाहींत. मग जो मिळेल तो भाग घातला जातो. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतों. त्या दिवसापूर्वीं ट्रॉलीचीं चाकें उतरवून, ड्रम मोजून, तो कागद पुरा केला, तर ती पूजा सार्थकीं लागेल, आणि गाडी हांकणारा घरचा मुलगा असो वा गडी, तो रात्रीं सुखरूप परत येईल.